'ऑरगॅनिक' आणि 'स्ट्यूअर्डशिप': मराठी प्रतिशब्द

प्रश्न: अमेरिकेत गोमांसासाठी लहान प्रमाणावर गुरे पाळणाऱ्या कुटुंबांविषयीचा मजकूर मराठीत आणताना मी दोन शब्दांपाशी अडलो आहे. वेष्टनावरील 'ऑरगॅनिक'साठी 'सेंद्रिय' घ्यावा की 'जैविक', आणि जमिनीच्या संदर्भातील 'स्ट्यूअर्डशिप'ला, म्हणजे जमीन जबाबदारीने सांभाळण्याला, काय म्हणावे?

उत्तर: 'सेंद्रिय'च घ्यावा. 'जैविक' शेतीच्या अर्थाने हिंदीत रुळला आहे. मराठीत तो कीडनियंत्रणासारख्या, सजीवांकरवी होणाऱ्या कामांना अधिक शोभतो. अर्थात 'सेंद्रिय'ही निर्दोष नाही, कारण रसायनशास्त्राच्या पुस्तकात युरिया हे सेंद्रिय संयुग आहे आणि सेंद्रिय शेतीत तोच युरिया वर्ज्य आहे! अमेरिकेत मात्र हा शब्द १९९० च्या कायद्याने आणि २००२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी बांधलेला आहे: जमिनीवर तीन वर्षे निषिद्ध द्रव्य पडलेले नसावे, मांसासाठीचे वासरू पोटात असताना गाभणकाळाच्या शेवटच्या तृतीयांशापासून गाय सेंद्रिय व्यवस्थेत असावी, गुरे वर्षातून किमान १२० दिवस चरावीत आणि चराईच्या हंगामात त्यांच्या आहारातील शुष्क भागापैकी किमान ३० टक्के कुरणातून मिळावा. (कत्तलीपूर्वीच्या अखेरच्या टप्प्यात ही ३० टक्क्यांची अट शिथिल होते.) म्हणून 'नैसर्गिक' हा पर्याय सर्वथा टाळावा, तिकडे मांसावरील 'नॅचरल' एवढेच सांगतो की कृत्रिम घटक नाहीत आणि प्रक्रिया किमान आहे, जनावर कसे वाढले याविषयी तो काहीच बोलत नाही. 'ग्रासफेड'साठी 'गवतावर वाढवलेले' पुरेसे आहे, परंतु तेही 'सेंद्रिय'चा समानार्थी समजू नये. आणखी एक खबरदारी: 'प्रमाणित' हे विशेषण मुळात असेल तर ते गाळू नये, कारण वर्षाला ५,००० डॉलरपर्यंतच सेंद्रिय माल विकणाऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, मात्र त्याला सरकारी मोहोर वापरता येत नाही.

दुसरे उत्तर: 'स्ट्यूअर्डशिप'ला 'व्यवस्थापन' म्हटले की कचेरीचा वास येतो आणि 'विश्वस्तपण' म्हटले की धर्मादाय संस्था आठवते. आपल्याकडे गुरे राखतात, रान राखतात आणि गवतासाठी कुरणही राखतात. जनावर आणि जमीन या दोहोंना एकच क्रियापद चालते, म्हणून मला 'जमिनीची राखण' योग्य वाटते. मात्र 'चराऊ कुरण' लिहिण्यापूर्वी विचार करावा; वर्तमानपत्रांनी त्याला भ्रष्टाचाराचा असा रंग दिला आहे की वाचक आधी हसेल.

प्रश्नकर्ता: 'राखण' म्हटले की माळ्यावर बसून पाखरे हाकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. येथे तर कुंपणाने पाडलेल्या तुकड्यांतून कळप सतत पुढे हलवून मागच्या गवताला विसावा देण्याचे काम आहे.

दुसरे उत्तर देणारे: आक्षेप मान्य आहे. मग शीर्षकात 'राखण' ठेवावी आणि जेथे चराईच्या पाळ्यांचे वर्णन येते तेथे 'निगा' वापरावा. 'फिरती चराई' तर शेतकऱ्यालाही समजावून सांगावी लागणार नाही.