निबंधाची सुरुवात जमत नाही (नववी, विषय: महापूर)

प्रश्न: सांगलीवाडीची आई
लेकीचा निबंध कुठलाही असो, पहिली ओळ ठरलेली: 'मानवी जीवनात अमुकला अनन्यसाधारण महत्त्व आहे.' आता 'महापूर' आलाय. २०१९च्या ऑगस्टमध्ये आम्ही घर सोडून मिरजेला नणंदेकडे होतो. लहान होती, तरी तिला सगळं आठवतं. वहीत मात्र तेच वाक्य! काय करू?

उत्तर: निवृत्त मराठी शिक्षक, विश्रामबाग
ताई, आधी लिहायला बसवू नका, बोलतं करा. घर सोडताना तिनं काय पाहिलं? तीच पहिली ओळ. माझ्या एका विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, 'बाबा तासातासाला आयर्विन पुलाची पातळी विचारत होते.' कृष्णेवरच्या या पुलापाशी पाणी ४५ फुटांवर म्हणजे धोका, हे सांगलीत लहान पोरालाही ठाऊक. पुढचं वाक्य आपोआप सुचलं त्याला.
परिच्छेदाच्या शेवटी मात्र निबंध कुठं निघालाय ते कळू द्या: नुकसानीकडे, की धावून आलेल्या माणसांकडे? चार-पाच ओळी पुरेत. व्याख्या, सुविचार नकोतच.

उत्तर: दहावीचा विद्यार्थी, मिरज
सर, परीक्षेत एवढं सुचत नाही.

उत्तर: निवृत्त मराठी शिक्षक
मग वर पाच ओळी मोकळ्या सोड बाळा. मधला भाग लिही, सुरुवात नंतर भर. मी वर्गात हट्टानं हेच करून घ्यायचो.

उत्तर: सांगलीवाडीची आई
सर, विचारलं. म्हणाली, 'शिलाई मशीन माळ्यावर चढवताना आईचे हात थरथरत होते.' तिनं ते पाहिलं होतं, मला माहीतच नव्हतं. आता तिथूनच लिहितेय.