पोलीस ठाण्याचा वर्षभराचा तक्ता वाचायचा कसा?

मांजराकाठ:
आमच्या तालुक्याच्या गावात शांतता समितीच्या बैठकीत ठाण्याचा गोषवारा मिळाला. २०२३, २०२४, २०२५ ही तीन वर्षं शेजारी शेजारी. रकाने असे: खून, दरोडा, जबरी चोरी, घरफोडी (दिवसा/रात्री), चोरी, अपहरण, अपघात, मग भाग ६ (विशेष कायद्यांचे गुन्हे), एनसी (अदखलपात्र नोंद), आकस्मिक मृत्यू, मिसिंग (बेपत्ता) आणि प्रतिबंधक कारवाया. चोरी उतरत गेलीय, अपहरण वाढलंय, भाग ६ तर चांगलाच फुगलाय. गावात लगेच दोन तट पडले. एक म्हणतो ठाणेदारांनी चोऱ्या मोडून काढल्या, दुसरा म्हणतो पोरी पळवणारी टोळी फिरतीय. पुढच्या बैठकीत नेमकं विचारायचं काय? जाणकारांनी सांगावं.

कोर्टकचेरी:
आधी चोरीचा रकाना बाजूला ठेवा. २०२३ आणि २०२५ ची तुलना होतच नाही, कारण मधे कायदा बदलला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता (बीएनएस) लागू झाली. त्याआधीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ३७९, त्यानंतरच्या घटनेला बीएनएस ३०३(२). ३७९ मध्ये चोरी शंभर रुपयांची असली तरी दखलपात्र होती. आता चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर गुन्हा अदखलपात्र. म्हणजे एफआयआर नाही, एनसी. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासही नाही. त्यामुळे चोरीचा रकाना उतरला तर त्याच वेळी एनसीचा किती चढला ते बघा. दोन्ही उतरले असतील तर ठाणेदारांचं कौतुक करा.

आपल्याकडे हे सोयाबीनच्या दिवसांत जास्त भोवतं. ६० किलोचा कट्टा धरा. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८. त्या हिशेबानं एक कट्टा सुमारे ३,२०० चा, म्हणजे एनसी. दोन कट्टे ६,३९४ चे, म्हणजे एफआयआर. पण ठाण्यात बाजारभाव धरला आणि त्या दिवशी तो ४,१०० असला, तर तेच दोन कट्टे ४,९२० चे होतात आणि पुन्हा एनसी! म्हणून फिर्यादीत ‘दोन कट्टे’ एवढंच लिहून थांबू नका. वजन किलोत लिहा आणि त्याच आठवड्याची आडतीची पट्टी (आडत्याकडची भावाची पावती) जोडा.

अजून एक. माल उघड्यावर बनमीत (कापलेल्या पिकाच्या गंजीत) होता की आखाड्यावरच्या (शेतातल्या वस्तीवरच्या) बंद खोलीत, हे स्पष्ट लिहा. माल ठेवायच्या इमारतीतून चोरी झाली तर कलम ३०५ लागतं. ते दखलपात्र आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचं, आणि तिथं पाच हजारांची अट नाही. कुलूप किंवा कडी तोडली असेल तर ३३१, घरफोडी. ‘शेतातून सोयाबीन गेलं’ असं मोघम लिहिलं की सगळं ३०३ मध्ये जातं.

बालाघाटचा:
अपहरणाचं. टोळीची आवई आधी थांबवा. १८ वर्षांखालील मूल बेपत्ता झालं की मिसिंगवर न थांबता अपहरणाचाच गुन्हा नोंदवायचा, ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतरची आहे. पूर्वी ३६३, आता बीएनएस १३७(२). घरात रागावून मामाकडे गेलेलं पोरगंही त्याच रकान्यात, प्रेमप्रकरणातली सतरा वर्षांची मुलगीही त्यातच. रकाना वाढला म्हणजे बऱ्याचदा नोंद नीट होऊ लागली एवढंच. विचारायचं ते हे: किती मुलं सापडली, किती दिवसांत, आणि वर्ष संपताना किती सापडायची बाकी आहेत. तो शेवटचा आकडा महत्त्वाचा, बाकी गावगप्पा.

अशा आवईनं काय होतं ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला दिसलं. मुलं पळवणारे समजून जमावानं पाच निरपराध माणसं मारली.

भाग ६ म्हणजे दारूबंदी, जुगार असले विशेष कायदे. इथं फिर्यादी बहुतेक पोलीसच असतात. छापे जास्त मारले की आकडा जास्त. त्यावरून गावात दारू वाढली की कमी झाली, काहीच ठरत नाही. मात्र त्याच त्या माणसावर वर्षात पाच-सहा ६५ ई च्या (दारूबंदी कायद्याच्या) केसेस दिसल्या, तर त्याच्यावर पुढची कारवाई का नाही, हे जरूर विचारा.

जबरी चोरी आणि दरोड्यात फरक डोक्यांचा. चौघांनी मारून लुटलं तर जबरी चोरी, पाचवा असला की दरोडा. मंगळसूत्र हिसकावण्याला आता ३०४ हे वेगळं कलम आहे. तुमच्या ठाण्यानं ते कोणत्या रकान्यात धरलंय ते विचारून घ्या, नाहीतर तिथंही बेरीज चुकेल.

मांजराकाठ:
बनमीचा मुद्दा आमच्याकडे तंतोतंत लागू आहे. एनसीचा रकाना खरंच चढलाय. पण तारीख-ठिकाण काहीच दिलेलं नाही, नुसत्या बेरजा. आणि प्रतिबंधक कारवायांचं काय समजायचं?

आखाडा:
प्रतिबंधकचं आधी. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १२६, १२८, १२९ चे, म्हणजे शांतता राखण्याचं आणि चांगल्या वागणुकीचं बंधपत्र घेण्याचे, प्रस्ताव ठाण्यातून तहसीलदारांकडे, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जातात. तक्त्यात येतात ते पाठवलेले प्रस्ताव. सणाच्या आधी गठ्ठ्यानं पाठवले की आकडा छान दिसतो. खरे प्रश्न दोन: अंतिम बंधपत्र किती जणांकडून घेतलं, आणि ते मोडल्यावर रक्कम किती जणांची जप्त झाली. १२६ चं बंधपत्र एक वर्षापर्यंतचं असतं, १२९ चं तीन वर्षांपर्यंत.

तारीख-ठिकाणासाठी ठाण्याच्या मागं लागायची गरज नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘प्रकाशित एफआयआर’ असतात. जिल्हा, ठाणं आणि तारखा निवडा. महिला-बालकांचे आणि इतर संवेदनशील गुन्हे तिथं नसतात, पण चोरी-घरफोडी मिळते. प्रत्येक एफआयआरवर घटना कधीपासून कधीपर्यंतची, खबर ठाण्यात कधी आली, ठाण्यापासून दिशा-अंतर आणि बीट (ठाण्याच्या हद्दीतला गस्तीचा भाग), एवढं असतं. वहीत चार रकाने आखा आणि वर्षाच्या घरफोड्या हातानं उतरवा. ऊसतोडीला गेलेल्यांची कुलूपबंद घरं दिवाळीनंतर फुटतात, लगीनसराईतली वेगळ्या गल्लीत. रात्रगस्तीचा मार्ग बदलून मागायचा असेल तर हाच कागद समोर ठेवा. एनसी मात्र तिथं नसतात. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘१ जानेवारी ते ३१ डिसेंबर, एनसी, कलमनिहाय व महिनानिहाय संख्या’ एवढंच मागा. नावं मागितली की अर्ज अडकतो.

‘उघड’ या शब्दावरही जाऊ नका. आरोपी धरला की गुन्हा उघड, माल मिळो न मिळो. गेलेला माल किती रुपयांचा, हस्तगत किती, आणि मालकाला प्रत्यक्ष परत किती, हे तीन आकडे वेगवेगळे मागा. मधल्या आणि शेवटच्या आकड्यात मोठी दरी असेल तर मुद्देमाल खोलीत पडून आहे. मोटारसायकली तिथंच गंजतात. मालकानं आरसी आणि विम्याची प्रत घेऊन न्यायालयात अर्ज करायचा असतो, हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं.

अ समरीची संख्याही विचारा. गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही म्हणून तपास बंद, ती अ समरी. डीपीतलं (विजेच्या रोहित्रातलं) तांबं, केबल, पाणबुडी मोटार यांचे गुन्हे बहुतेक तिथंच जाऊन बसतात.

कोर्टकचेरी:
आखाडा यांच्या यादीत एक भर. नव्या कायद्यानं ९० दिवसांत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवावं लागतं, बीएनएसएस १९३(३). फोनवर कळवलं तरी चालतं. वर्षात किती फिर्यादींना कळवलं, हा आकडा मागून बघा. बैठकीत थोडी शांतता पसरेल.