बोरीवरचे सामाजिक कोळी आणि त्यांच्या जाळ्यात सापडलेले फुलपाखरू

प्रश्न : बांधावरून

दिंडोरी रस्त्यालगत आमची द्राक्षबाग आहे. बांधावरच्या बोरीवर वाळलेली पाने, काटक्या आणि किड्यांचे सांगाडे गुंतलेले एक करडे, दाट घरटे तयार झाले असून त्यापासून शेजारच्या फांद्यांपर्यंत जाळी पसरली आहेत. तिन्हीसांजेला एखादा टोळ अडकला की आतून बरेच कोळी एकदम बाहेर येतात, कोणी पाय धरतो, कोणी पंख, आणि सगळे मिळून त्याला आत ओढतात. कोळी एकमेकांना खातात असेच आजवर ऐकत आलो. मग हे एकत्र कसे नांदतात?

दुसरी शंका अशी की, काल याच जाळ्यात काळ्या पंखांचे, मागच्या पंखांवर पांढरे डाग आणि कडेला लाल ठिपके असलेले फुलपाखरू अडकले आणि त्यांनी ते फस्त केले. त्याचे धड काळे होते. चित्रांवरून ते विषारी ‘कॉमन रोझ’ वाटले. विष असूनही ते कसे खाल्ले गेले? बागेतले मजूर घरटे जाळून टाका म्हणतात, त्याविषयीही सांगावे.

उत्तर १ : रुईचे पान

आधी फुलपाखराविषयी लिहितो, कारण आपण दिलेला धडाच्या रंगाचा तपशील निर्णायक आहे. कॉमन रोझचे धड लाल असते. काळ्या धडाचे, पण पंखांवर तशीच नक्षी असलेले फुलपाखरू म्हणजे बहुतेक ‘कॉमन मॉरमॉन’ची मादी. तिच्या अळ्या लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर वाढतात, त्यामुळे ती घरोघरी दिसते, आणि तिच्या अंगात विष नसते. कॉमन रोझची अळी मात्र ईश्वरीच्या वेलीवर वाढते, त्या वेलीतली विषारी आम्ले अंगात साठवते आणि पक्ष्यांना नकोशी होते. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुढे तशा रंगाच्या वाटेला जात नाही, आणि त्याचा फायदा मॉरमॉनच्या मादीला फुकटात मिळतो. अशी नक्कल हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या जंगलातील फुलपाखरांवरून १८६२ मध्ये मांडली. मॉरमॉनच्या सगळ्या माद्या सारख्या नसतात. काही नरासारख्याच दिसतात, काही कॉमन रोझसारख्या, तर काही ‘क्रिमझन रोझ’ या दुसऱ्या विषारी फुलपाखरासारख्या. एकाच जातीतला हा फरक ‘डबलसेक्स’ या एका जनुकावर अवलंबून असल्याचे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. मुळात नर-मादी भेद ठरवणारे हे जनुक असे दुहेरी कामाला लागावे, हे मला तरी या सगळ्या प्रकरणातले सर्वांत विलक्षण वाटते.

परंतु ही सारी रंगसंगती पक्ष्याच्या डोळ्यासाठी आहे. बोरीवरच्या कोळ्यांची नजर अधू असते. जाळ्याच्या धाग्यांतून येणाऱ्या थरथरीवरून ते सावज ओळखतात. त्यांच्यापुढे सोंगाचा काहीही उपयोग नाही, तिथे खरे विषच हवे. दक्षिण अमेरिकेत कीथ ब्राउन यांनी १९८४ मध्ये याचा सुंदर पुरावा दिला. तेथील सोनेरी जाळे विणणारा मोठा कोळी इथोमिनी गटातली फुलपाखरे जाळ्याचे धागे तोडून सोडून देतो, पण कोशातून नुकतीच बाहेर पडलेली त्याच गटातली फुलपाखरे मात्र खातो, कारण त्यांचे रक्षण करणारी ‘अल्कलॉइड’ नावाची विषारी रसायने ती प्रौढ झाल्यावर विशिष्ट वनस्पतींवरून मिळवतात. आपल्याकडचे ‘प्लेन टायगर’ आणि ‘कॉमन क्रो’ यांचे नर खुळखुळ्याच्या सुकलेल्या झाडांवर घोळक्याने बसलेले दिसतात, ते याच जातीच्या रसायनांसाठी.

उत्तर २ : अष्टपाद

वर्णनावरून हे ‘स्टेगोडिफस सारासिनोरम’ जातीचे कोळी असावेत. कोरड्या, काटेरी झाडोऱ्यात आणि कुंपणांवर ते भारतभर आढळतात. कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक ज्ञात जातींपैकी आयुष्यभर असे एकत्र राहणाऱ्या जाती पंचवीसच्या आसपासच आहेत, तेव्हा आपण ऐकले ते बहुतांश कोळ्यांना लागू आहेच. यांचे जाळे चिकट थेंबांचे नसून लोकरीसारख्या कोरड्या, अतिसूक्ष्म तंतूंचे असते. टोळाच्या पायांवरचे काटे त्यात गुंतले की सुटत नाहीत.

एकत्र राहण्याचे मूळ आईच्या घरट्यात आहे. ‘स्टेगोडिफस’ या वंशातल्या एकट्या राहणाऱ्या जातींतही आई पिल्लांना आपल्या तोंडातून अन्न भरवते आणि अखेर पिल्ले तिलाच खाऊन टाकतात. त्यानंतर मात्र ती पांगतात. सामाजिक जातींत ती पांगतच नाहीत. भावंडांतच मीलन होते, माद्यांच्या तुलनेत नर फारच थोडे जन्मतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच चालल्याने त्यांच्यातले जनुकीय वैविध्य अतिशय कमी उरते. या वंशात सामाजिक जाती तीनच, एक आपली आणि दोन आफ्रिकेतल्या. तिन्ही स्वतंत्रपणे उपजल्या, प्रत्येकीची जवळची नातलग जात एकटी राहणारी आहे, आणि एकीलाही पुढे फाटे फुटून नव्या जाती झालेल्या नाहीत. म्हणूनच अनेक अभ्यासक या जीवनपद्धतीला उत्क्रांतीची बंद गल्ली म्हणतात. आजच्या घडीला मात्र ती उत्तम चालते, कारण एकट्या कोळ्याला न झेपणारा टोळ दहा जणांना सहज झेपतो.

बांधावरून

दोघांचेही आभार. धड काळे होते याविषयी शंका नाही. घरट्याखाली पडलेले पंखही जपून ठेवले आहेत. जाळण्याविषयी कोणी तरी लिहावे.

उत्तर ३ : मांडवाखाली

जाळू नये. हे कोळी माणसाच्या अंगावर येत नाहीत आणि द्राक्षाच्या वेलीला त्यांच्यापासून अपाय नाही. फांदी वाटेत येत असेल, तर ती घरट्यासह कापून बांधाच्या दुसऱ्या टोकाच्या बाभळीला सुतळीने घट्ट बांधावी. ते तिथे नवी जाळी विणतील. बागेत फवारणी करताना मात्र वाऱ्याची दिशा पाहावी, कारण बोरीपर्यंत गेलेले कीटकनाशक त्यांनाही मारते.