थंडीत धरणारे गुडघे: सुयांचा गुण की आडवं पडण्याचा?

तिरकसबुवा
थंडी पडली, गुडघे धरले, की 'अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया घेऊन बघा' हा सल्ला आलाच. आराम पडतो, कबूल. तो सुया टोचायच्या ठरावीक बिंदूंमुळे पडतो, हे मात्र पटत नाही. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर चाचणी झाली, २००७ साली निकाल छापून आला. नेमक्या बिंदूंवर टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना गुण आला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. मग ते बिंदूंचे नकाशे कशाला?

सुईदोरा
तिसरा आकडा सोयीने गाळलात, बुवा. औषधं-व्यायामवाल्यांत गुण २७.४ टक्क्यांनाच होता. आणि भलत्या जागी टोचली तरी सुई ती सुईच, मज्जातंतूंना ती कळतेच.
गुडघ्याला नेहमी घेतात तो बिंदू घ्या. वाटीखालच्या बाहेरच्या खळग्यापासून रुग्णाचीच चार बोटं खाली, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. सुई ०.२५ मिमी जाड, ४० मिमी लांब; साधारण इंचभर आत. जड वाटलं, ओढ लागली की थांबायचं. विजेसारखी कळ पावलाकडे गेली तर सुई लगेच मागे. मग २० ते ३० मिनिटं तशीच. सुई अडकली तर ओढू नये. स्नायू आखडलेला असतो, आजूबाजूला चोळलं की सुटते. सहा बैठकांत फरक नाही, तर पुढचे पैसे वाचवा.

तिरकसबुवा
कुठला उपचार द्यावा हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२२ मध्ये सांधेझिजेसाठी हा उपचार देऊच नका म्हटलंय.

पोटरीवाला
त्याच संस्थेने २०२१ मध्ये, कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्याला सुयांची एक फेरी चालेल म्हटलं होतं, एकूण पाच तासांच्या आत. पण उतारवयात थंडीत कुरकुरणारा गुडघा बहुधा झिजेचाच, म्हणून इथे बुवांचं पारडं जड.
मला काळजी ताणासाठी सुया घेणाऱ्यांची वाटते. मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध जो बिंदू आहे, त्याच्या खालीच फुप्फुसाचं टोक. सरळ खोल टोचलं तर हवा छातीत शिरते. धाप कधीकधी काही तासांनी, घरी पोचल्यावर लागते. किडकिडीत माणसाला धोका अधिक. स्नायू चिमटीत उचलून सुई तिरपी, उथळ घालायची. येत नसेल त्याने तो बिंदू सोडावा. उपाशीपोटी, बसवून टोचलं की भोवळ येते, ते वेगळंच.

सुईदोरा
हे मान्य. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना करंट जोडू देऊ नका. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, टोचणाऱ्याची नोंदणी विचारायला लाजू नका. सुयांचं पाकीट समोर फोडलं पाहिजे.

तिरकसबुवा
आणि खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, असं दहा वेळा, हे कोण सांगणार? मांडीत जोर नसेल तर झिजलेला गुडघा सुयांनी किती दिवस तगेल?

सुईदोरा
सांगतो की. दुखणं उतरलं की पाय उचलवतो, म्हणून तर आधी सुया.