धाकट्या भावाने उपासनेची जागा बदलली, ही फूट मानावी का?

प्रश्न:
आमचे कुटुंब कोल्हापुरातील जुन्या मिशनच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) वाढले. ठरलेला उपासनाक्रम, गीतपुस्तक आणि पेटी. धाकटा भाऊ आता गिटार, ड्रम आणि उत्स्फूर्त प्रार्थना असलेल्या पेंटेकॉस्टल पंथाच्या सभेला जातो, आणि घरात त्याला ‘मंडळी सोडली’ असे म्हटले जाते. आपले मत काय?

उत्तर १:
ज्या पद्धतीला आपण परंपरागत म्हणतो, ती १८५२ साली कोल्हापुरात आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या वळणाची आहे. पुढे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला भजनाचा मराठी साज चढवला, आणि आज तीच भजने आपल्याला जुनी वाटतात. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा तर अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन परंपरेचे आणि बाप्टिस्ट लोक बालकांचा व प्रौढांचा, असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य करून एकत्र आले. त्यापुढे ड्रमचा वाद (आवाजाची तक्रार वगळता) किरकोळ आहे.

उत्तर २:
वाद्यांबाबत सहमत आहे. मात्र भावाला पुन्हा बाप्तिस्मा घेण्यास सांगितले गेले, तर प्रश्न आवडीचा न राहता शिकवणीचा होतो, आणि त्याविषयी पाळकांशी स्पष्ट बोलावे. बाकी बायबलमधील रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय घरात सर्वांनी मिळून वाचावा. खाणे आणि सण पाळणे यांवरून एकमेकांना दोष लावणाऱ्यांनाच पत्राचा लेखक, प्रेषित पौल, तेथे समजावतो.

प्रश्नकर्ता:
पुन्हा बाप्तिस्म्याचा विषय अद्याप निघालेला नाही. १८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताहात त्याच्या सभेला सर्वांनी जावे, असे आईला सुचवतो.