मदत हवी आहे: कीटो सुरू करणाऱ्यासाठी डब्याला काय द्यावं?

नमस्कार मंडळी. माझ्या नवऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने कीटो आहार (कर्बोदकं अगदी कमी, तूप-तेलासारखे स्निग्ध पदार्थ जास्त) सुरू केलाय. त्याला शुगरची गोळी आहे, त्यामुळे तिचं प्रमाण आणि तपासण्या डॉक्टरच बघतायत. प्रश्न स्वयंपाकाचा आहे. आम्ही शाकाहारी, अंडी तेवढी चालतात.

दिवसाला ३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं ठेवायला सांगितलंय. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतच जवळपास तेवढी जातात! म्हणजे पोळी, भात, वरण, पोहे, साबुदाणा, बटाटा सगळंच बंद.

सध्या सकाळी अंड्याची भुर्जी किंवा ऑम्लेट आणि जेवणात पनीर, पालक, मेथी, दुधी, भरपूर तूप असं चाललंय. किसलेला फ्लॉवर भातासारखा करते. मीठ लावून थोडा वेळ ठेवायचा, कापडात घट्ट पिळायचा आणि हिंग-मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीवर झाकण न ठेवता परतायचा. वरून ओलं खोबरं. मोकळा होतो आणि त्याला मनापासून आवडतो. पण डब्यात दुपारपर्यंत ओला होऊन वास धरतो.

तर डब्यासाठी, गार झाल्यावरही चांगलं लागेल असं काय देता येईल? पोळीला पर्याय म्हणून जवसाच्या पिठाचं काही कोणी करतं का? माझ्या हातून लाटताना तुटतं. बेसनाशिवाय कोथिंबीरवडी बांधून येते का? आणि संध्याकाळी चहाबरोबर बदाम-अक्रोड सोडून चटपटीत काहीतरी सुचवा. अ‍ॅव्होकाडो वगैरे इथे मिळत नाही, आपल्या बाजारातलंच सांगा. प्रमाणासकट लिहिलंत तर फार उपकार होतील.