सुनक चालतो मग ममदानी का नाही? सोसायटीच्या ग्रुपवर राडा झालाय

कोपरखैरणेकर_२८
मंडळी, विषय राजकीय आहे पण पार्टीबाजी नको प्लीज. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक काका आहेत, माणूस खरंच चांगला, टँकरपासून लिफ्टच्या मेंटेनन्सपर्यंत सगळं तेच बघतात. 2022 ला ऋषी सुनक ब्रिटनचा पंतप्रधान झाला तेव्हा याच काकांनी खाली वॉचमनच्या केबिनपाशी पेढे वाटले होते, मी पण दोन खाल्ले. आता 1 जानेवारी 2026 ला भारतीय वंशाच्याच जोहरान ममदानीने न्यूयॉर्कचा महापौर म्हणून कुराणावर हात ठेवून शपथ घेतली तर सकाळी सातपासून फॉरवर्ड चालू, "अमेरिका गेली हातातून" वगैरे. मी एवढंच लिहिलं की काका, सुनकने पण खासदारकीची शपथ गीतेवर घेतली होती, तर उत्तर आलं "तुला इतिहास माहीत नाही". त्यात 15 जानेवारीला आमच्या नवी मुंबई पालिकेचं मतदान, 2015 नंतर थेट 2026 ला, चार-चार बटणं दाबायची, तर ग्रुपवर कामाचं कुणीच बोलेना, नुसती आडनावं चाळणं चालू. हे असं सगळीकडेच असतं का? आणि आता काय लिहू?

नौपाडा_कट्टा
शपथेचं आधी क्लिअर करतो कारण त्यावरच जास्त धूर निघतो. अमेरिकेच्या राज्यघटनेतच लिहिलंय की सरकारी पदासाठी धर्माची अट लावता येणार नाही. किथ एलिसन तिथल्या काँग्रेसमधला पहिला मुस्लिम, 2007 ची शपथ, तेव्हाही कुराणावरून एका खासदाराने भरपूर आरडाओरडा केला होता. गंमत म्हणजे सभागृहात सगळे एकत्रच हात वर करून शपथ घेतात, पुस्तक लागतच नाही, ते नंतर फोटोपुरतं. आणि एलिसनने फोटोला आणलेलं कुराण कुणाचं, तर थॉमस जेफरसनच्या संग्रहातलं! आरडाओरडा करणाऱ्यांची पंचाईत झाली असणार 😄 2013 ला तिथल्याच हिंदू खासदार तुलसी गबार्डने शपथेला गीता घेतली तेव्हा आपल्याकडे किती कौतुक झालं आठवतंय ना. आपल्या आमदारांना तर पुस्तकाचा प्रश्नच नाही, "ईश्वरसाक्ष शपथ घेतो" नाहीतर "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो", दोन्ही घटनेतच दिलंय, ज्याला जे पटेल ते.

माथाडीचा_पोरगा
मी मूळचा कागल तालुक्यातला, वडील तुर्भे मार्केटला माथाडी होते. आमच्याकडं हसन मुश्रीफ 1999 पासून सलग सहा वेळा आमदार म्हणून निवडून आलेत, आणि कागल म्हणजे शाहू महाराजांचं माहेर हो, गेल्या दोन वेळा तर समोर घाटग्यांच्या घराण्यातलाच उमेदवार होता. मुसलमान मतं मोजली तर डिपॉझिट पण वाचणार नाही. गावाकडून कुणी पेशंट घेऊन मुंबईला आला की आमच्या वन रूम किचनमध्ये मुक्काम, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रे आणि वर साहेबांची चिठ्ठी. आई रात्री अकराला पिठलं टाकायची. त्यातल्या एकानं पण चिठ्ठी कुणाच्या सहीची आहे म्हणून धर्म काढला नाही. निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस काढतात, खोटं कशाला बोलू, चांगलंच काढतात. आणि साहेबांवर नाराज असणारे पण भरपूर आहेत, पण ते कारखाना आणि बँकेवरून, बाकी गोष्टीवरून नाही.

घोडबंदर_रोज_अडकतो
एकटा कागल दाखवून काय होणार भाऊ. आपले लोक बाकीच्यांना मत देतात, ते देतात का आपल्याला? ते एकगठ्ठा आपल्याच माणसाला टाकतात. आणि खड्ड्यांवर बोला की त्यापेक्षा.

नौपाडा_कट्टा
@घोडबंदर अहो ठाण्यात राहून असं बोलताय? मुंब्रा-कळवा बघा, मुस्लिम मतं भरपूर. जितेंद्र आव्हाड 2009 पासून चार वेळा आलेत तिथून. 2024 ला तर समोर नजीब मुल्ला होते, तरी आव्हाडच आले, आणि चांगल्या लीडने. आव्हाड आवडो न आवडो, आकडा तो आकडा. उलट दुसरा आकडा बघा, 2024 ला महाराष्ट्रातल्या 48 खासदारांत मुस्लिम एक पण नाही. महाविकास आघाडीने एकाही मुस्लिमाला तिकीट दिलं नव्हतं, मतं मात्र हवी होती, त्यावरून त्यांच्याच काँग्रेसच्या नसीम खाननी जाहीर नाराजी काढली होती. मतदाराला शिव्या घालायच्या आधी तिकीटवाटप बघा.

पनवेल_एसटी
अंतुले विसरलात का सगळे?? मुस्लिम माणूस, 1980 ला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, आमच्या रायगडचे. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड त्यांच्याच काळात झालं, भवानी तलवार इंग्लंडहून आणायची घोषणा पण त्यांचीच, आणि संजय गांधी निराधारचे पैसे आमच्या आजीला शेवटपर्यंत यायचे ते पण त्यांचंच काम. खुर्ची गेली ती सिमेंट घोटाळ्याच्या आरोपावरून. आमच्या वडिलांसमोर आजही अंतुले म्हटलं की पहिला शब्द "सिमेंट".

वराडचो_झील
आमचा मालवण तालुका कसा राहिला 😀 लिओ वराडकर आयर्लंडचा पंतप्रधान झाला 2017 ला, वडील मूळ वराडचे, 2019 च्या डिसेंबरात तो घरच्यांना घेऊन गावात आला होता. "आपलो झील पंतप्रधान झालो" म्हणून आमचे आजोबा ठाण्यात कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला पण सांगून आले. तो आईकडून कॅथलिक वाढलेला, त्यात गे आहे हे त्याने स्वतःच जगजाहीर केलेलं. हे आजोबांना सांगितलं तर दोन मिनिटं पंख्याकडे बघत बसले, मग म्हणाले "पण आडनाव आपलांच मा?" विषय संपला.

कोपरखैरणेकर_२८
@वराडचो_झील हाहा, हेच हवं होतं. काल रात्री ग्रुपवर दोन फोटो टाकले, गबार्ड गीतेसोबत आणि एलिसन जेफरसनच्या कुराणासोबत, खाली काहीच लिहिलं नाही. काकांनी पहिल्यावर हात जोडलेला इमोजी टाकला. दुसरा पण बघितलाय, निळ्या टिका आहेत. दहा मिनिटांनी सेक्रेटरीने "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात" करून टाकलं. सकाळी लिफ्टमध्ये काका भेटले, म्हणाले टँकर साडेदहाला येतोय, बादल्या भरून ठेव.